दर दोन महिन्यांनी जंताचं औषध पाजतो, तरी शेळ्यांच्या जबड्याखाली पिशवी येते आणि मरतात. चुकतंय कुठं?

माळावरचा_गडी | ८ सप्टेंबर, रात्री ९.४०

राम राम मंडळी. बीड जिल्ह्यातला आहे. पुण्यातली नोकरी सोडून गावी आलो त्याला चार वर्षं झाली. २६ उस्मानाबादी शेळ्या होत्या. पोळ्यापासून आजपर्यंत तीन गेल्या, चौथीचं काही खरं दिसत नाही.

तिघींचं सारखंच झालं. आधी कळपाच्या मागं राहायला लागली. मग अंगावरचे केस उभे, भुरकट. खाणं चालू होतं म्हणून मी दुर्लक्ष केलं. एका संध्याकाळी रानातून आली तर जबड्याखाली पाणी भरल्यासारखी पिशवी लोंबतेय. सकाळी बघतो तर निम्मी. म्हटलं उतरली. संध्याकाळी पुन्हा तेवढीच. चार-पाच दिवसांनी गव्हाणीपाशी बसली ती उठलीच नाही. हगवण अजिबात नाही, लेंड्या शेवटपर्यंत कडक.

गावात सगळे म्हणाले घटसर्प. लस टोचून घेतली, त्यानंतरही एक गेली. शेजारचा म्हणाला जंत असतील, तर मला रागच आला. कारण मी दर दोन महिन्यांनी न चुकता अख्ख्या कळपाला जंताचं औषध पाजतो. वहीत तारखा आहेत. शेवटचा डोस २० ऑगस्टचा. मग जंत राहतील कसे? आणि जंत असते तर संडास पातळ नको का?

आई म्हणते दृष्ट लागली. ती शक्यता सोडून बाकी सगळं सांगा.

---

लेंडीबहाद्दर | रात्री ९.५२

औषध कोणतं?

---

माळावरचा_गडी | रात्री ९.५५

फेनबेंडाझोल. पहिल्यापासून तेच. दुकानदार म्हणतो शेळीला हेच मानवतं.

---

लेंडीबहाद्दर | रात्री ९.५८

चार वर्षं, दर दोन महिन्यांनी, एकच औषध. जंतांना पण मानवलं असेल आता.

---

तळकोकणी | रात्री १०.२०

आमच्याकडे सिंधुदुर्गात असली पिशवी नवी नाही. पाऊस चार महिने, जमीन कायम ओली. इथली कोकण कन्याळ जातीची शेळी त्यातल्या त्यात टिकते. वडिलांनी हौसेनं घाटावरून दहा शेळ्या आणल्या होत्या, दिवाळीपर्यंत चार उरल्या. तेव्हापासून ते घाटावरून फक्त गूळ आणतात.

---

बंदिस्तवाला | रात्री १०.४१

ही सगळी चराईची देणगी. शेळी रानात सोडलीच नाही तर जंत येणार कुठून? माझ्या ६० शेळ्या उंच मचाणावर असतात, लेंड्या खाली पडतात, चारा वर गव्हाणीत. शेळीपालन व्यवसाय म्हणून करायचं असेल तर हिंडवणं बंद करा.

---

धनगरवाड्यावरून | रात्री ११.०५

@बंदिस्तवाला, मचाणाला किती लाख लागले तेवढं लिहा. नाहीतर ह्यालाच उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात.

---

निवृत्त_जनावरांचा_डॉक्टर | ९ सप्टेंबर, सकाळी ७.१५

माळावरचे गडी, घटसर्पाची सूज गरम असते. हात लावला की दुखतं म्हणून जनावर मान काढून घेतं. अंग भाजतं इतका ताप असतो, आणि एक-दोन दिवसांत खेळ आटोपतो. तुमची पिशवी गार आहे, मऊ आहे, बोटानं दाबली की खड्डा तसाच राहतो. बरोबर ना? रक्तातली प्रथिनं संपली की रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. चरताना दिवसभर मान खाली, म्हणून ते जबड्याखाली साचतं. रात्री मान वर करून रवंथ केला की पसरून जातं. म्हणून सकाळी निम्मी.

आता हगवण का नाही. संडास पातळ करणारे जंत वेगळे. हा बसतो शेळीच्या चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात. नाव हिमॉन्कस कॉन्टॉर्टस. दोन-तीन सेंटिमीटरचा, सुतळीच्या धाग्यासारखा. मादीचं रक्तानं भरलेलं तांबडं आतडं आणि पांढरं गर्भाशय एकमेकांना पीळ घालून असतं. परदेशातल्या न्हाव्याच्या दुकानाबाहेर तांबडा-पांढरा पिळाचा खांब असतो ना, इंग्रजी नाव त्यावरूनच पडलं. त्याचं काम एकच, रक्त पिणं. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली पितो. हजार जंत झाले की रोजचे ५० मिली, टपरीवरच्या कटिंगपेक्षा थोडं कमी. तीस किलोच्या शेळीत रक्त असतं दोन लिटरच्या आसपास.

औषधाचं नंतर लिहितो, नातवाला शाळेत सोडायचंय. तोवर एक करा. चौथी शेळी धरा, डोळ्याची खालची पापणी ओढा आणि आतला रंग कसा आहे ते इथं लिहा.

---

गणिती_गोंधळ | सकाळी ८.०२

२००० भागिले ५० = ४० दिवस. पण शेळी नवं रक्त तयार करतच असेल ना?

---

निवृत्त_जनावरांचा_डॉक्टर | सकाळी ९.३०

करते, म्हणून तर दोन महिने कळत नाही. शरीरातलं लोह आणि प्रथिनं संपेपर्यंत ती रेटत राहते आणि मग एकदम बसते. खुराक चांगला असेल तर जास्त रेटते. पेंड खाणारी आणि नुसत्या माळावर जगणारी, दोघींच्या पोटात सारखे जंत असले तरी आधी दुसरी पडते.

---

माळावरचा_गडी | सकाळी १०.१०

डॉक्टर, बघितली. पांढरीफटक आहे, कागदासारखी. घाबरून बाकीच्यांच्या पण बघायला लागलो.

---

निवृत्त_जनावरांचा_डॉक्टर | सकाळी १०.१४

मग या धाग्यावर बसू नका. तिला घेऊन आत्ता दवाखान्यात जा. औषध कोणतं ते तिथल्या डॉक्टरांना ठरवू द्या. फक्त फेनबेंडाझोल चार वर्षं चालू आहे आणि २० तारखेला पाजलंय, हे आधी सांगा. आणि तिला पळवत नेऊ नका. इतकं कमी रक्त असलेली शेळी नुसत्या दमानं मरते.

---

आज्जीचा_बटवा | सकाळी ११.२५

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पळसाच्या बिया, वावडिंग, कडुनिंबाचा पाला देत आले. तेव्हा कुठं होती ही रसायनं? पळसपापडी गुळात घालून तीन दिवस द्या, जंत आपोआप पडतात.

---

पशुसखी_बार्शी | दुपारी १.१०

मी उमेदच्या (सरकारी बचतगट अभियानाच्या) गटातून पशुसखी म्हणून, म्हणजे गावोगावी जनावरांची प्राथमिक काळजी सांगणारी म्हणून काम करते, पाच गावांत फिरते. वरचं सगळं वाचलं. दोन गोष्टी.

आज्जीचा बटवा, पळसबी मी पण दिलीय. थोडाफार फरक पडतो, नाही म्हणत नाही. पण पिशवी आलेल्या शेळीला पळसबीवर ठेवून तीन दिवस वाट बघितली होती एका बाईंनी. तिसऱ्या दिवशी शेळी नव्हती. त्या दिवसापासून माझा नियम ठरला : पापणी पांढरी असेल तर बटवा बंद.

दुसरं, माळावरचे दादा, औषध किती पाजता? आणि मोजता कसं?

---

माळावरचा_गडी | दुपारी ४.४५

शेळी दवाखान्यात दाखवली. क्लोसँटेल नावाचं दुसऱ्या गटाचं जंताचं औषध दिलं, लोहाचं इंजेक्शन, आणि आठ दिवस रानात सोडायची नाही म्हणाले. सोबत लेंड्या नेल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली बघून डॉक्टर म्हणाले, अंड्यांचा पाऊस आहे. मला पण दाखवलं. लंबगोल, साबुदाण्यासारखी, एका नजरेत मावेनात.

ताई, सगळ्यांना सरसकट ५ मिली पाजतो. करडांना निम्मं.

---

पशुसखी_बार्शी | दुपारी ४.५८

आणि वजन?

---

माळावरचा_गडी | संध्या. ५.०३

अंदाजे २५ धरतो सगळ्यांचं. मोठ्या दोन-तीन जास्त भरतील.

---

पशुसखी_बार्शी | संध्या. ५.३०

हेच मला ऐकायचं होतं. माझ्या पाच गावांत दहातले नऊ जण असंच करतात. दुभती, दोन वेत झालेली उस्मानाबादी ३५ ला सहज जाते. तिला २५ किलोचं औषध म्हणजे जंतांना मारायला नाही, शिकवायला दिल्यासारखं. अशक्त तेवढे मरतात, निबर राहतात, आणि पुढची पिलावळ त्या निबरांची.

आडत दुकानात मिळतो तो स्प्रिंगचा काटा घ्या, जुन्या सतरंजीची झोळी शिवा, शेळी झोळीत घालून आड्याला टांगा. दोन बाया अर्ध्या तासात वीस शेळ्या मोजतात. शेळ्या ओरडतात, गाव हसतं, हसू द्या.

आणि पाजताना तोंड आभाळाकडे करू नका. मान जमिनीला समांतर ठेवायची, ओठाच्या कोपऱ्यातून नळी जिभेच्या मागच्या भागावर न्यायची आणि हळू सोडायचं. तोंड वर केलं की ठसका लागतो, औषध फुफ्फुसात जातं. मग लोक म्हणतात, जंताचं औषध उलटलं.

---

चिरगुट | संध्या. ६.११

झोळीत टांगलेल्या शेळीचा फोटो पाहिजेच.

---

टेनेसीकर | १० सप्टेंबर, सकाळी ६.४०

मूळचा फलटणचा, आता इथं अमेरिकेत टेनेसीत आठ एकर आणि ३० बोअर-किको शेळ्या. नोकरी सॉफ्टवेअरची, शेळ्या बायकोच्या भाषेत 'तुझा दुसरा संसार'. सांगायचं एवढंच, की हिमॉन्कस इथंही पहिल्या नंबरचा शत्रू. दमट उन्हाळा त्याला बीडच्या भाद्रपदासारखाच.

डॉक्टरांनी पापणी बघायला सांगितली त्याचं इथं रीतसर कार्ड मिळतं, 'फमाचा'. दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकात निघालं. फाफा मलान नावाच्या पशुवैद्याच्या नावातली अक्षरं आणि 'चार्ट' जोडून हे नाव झालं. कार्डावर तांबड्यापासून पांढऱ्यापर्यंत पाच रंग. १ आणि २ ला औषध नाही. ४ आणि ५ ला लगेच. ३ ला शेळी असेल तर बहुतेक देतातच. इथं प्रशिक्षण घेतल्याशिवाय कार्ड हातात देत नाहीत. मी अर्धा दिवस शेतात उभा राहून शिकलो. पापणी नुसती खाली ओढायची नाही. वरच्या पापणीवरून अंगठ्यानं डोळा हलका दाबायचा, मग खालची पापणी ओढायची, आतली त्वचा आपोआप वर येते. उन्हात बघायचं, सावलीत सगळ्याच फिक्या दिसतात.

मुख्य मुद्दा हा : कळपातल्या २०-३० टक्के शेळ्यांच्या पोटात ७०-८० टक्के जंत असतात. सगळ्यांना पाजायची गरजच नाही.

---

बंदिस्तवाला | सकाळी ८.२०

सगळ्यांना पाजायचं नाही? म्हणजे निम्म्या कळपात जंत मुद्दाम ठेवायचे? अमेरिकेत डॉलर आहेत म्हणून असले प्रयोग परवडतात. इथं एक शेळी गेली की दहा-पंधरा हजार गेले.

---

निवृत्त_जनावरांचा_डॉक्टर | सकाळी ९.०५

बंदिस्तवाले, मीही तीस वर्षं शिबिरं भरवून सरसकट पाजत आलो. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा, सगळ्यांना रांगेत. तेव्हा तेच शिकवलं होतं. त्यामुळे तुमचा राग समजतो.

पण असं बघा. तुम्ही अख्ख्या कळपाला औषध पाजलं. शंभरातले ९८ जंत मेले, उरलेल्या दोघांवर औषध चालत नाही. पुढचे तीन आठवडे शेळीच्या लेंडीतून जी अंडी पडतील ती फक्त त्या दोघांची. एक मादी दिवसाला पाच हजारांच्या वर अंडी घालते. एका पावसाळ्यात तुमच्या रानात त्यांचंच राज्य. उलट धट्ट्याकट्ट्या शेळ्या तशाच सोडल्या, तर त्यांच्या पोटातले साधे, औषधाला दबणारे जंतही अंडी घालत राहतात. दोन्हींची सरमिसळ होते आणि निबर जात माजत नाही. त्या शेळ्यांना थोड्या जंतांचा त्रासही नसतो.

माळावरच्या गड्यानं चार वर्षं नेमकं उलटं केलं. वेळापत्रक कडक, मात्रा कमी, औषध एकच. जंतांची तालीमच घेतली म्हणा. त्यांना दोष देत नाही, वहीत तारखा लिहिणारा शेळीपालक मी फार कमी पाहिलाय.

अजून एक. शेळीचं यकृत ही औषधं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं. फेनबेंडाझोल-अल्बेंडाझोलची मात्रा शेळीला मेंढीच्या साधारण दुप्पट लागते असं आता मानतात. बाटलीवर 'शेळ्या-मेंढ्या' एकत्रच छापलेलं असतं. पण म्हणून सगळंच दुप्पट करू नका! लेव्हामिसोल थोडं जास्त झालं तरी शेळी लाळ गाळत थरथरते, क्लोसँटेल जास्त झालं तर आंधळी होते. आणि अल्बेंडाझोल नुकत्याच गाभण गेलेल्या शेळीला नको, पोटातल्या पिल्लात व्यंग येतं.

---

वऱ्हाडी_ठेचा | सकाळी ११.३३

बंदिस्तवाले भाऊ, आमच्याबी शेळ्या बंदिस्तच आहेत बाप्पा. बेरारी. मागच्या साली पाच जणींच्या पापण्या पांढऱ्या झाल्या. मी म्हणलं हे कसं काय? तर गडी रोज सकाळी सहाला कॅनॉलच्या कडेचं गवत कापून आणे, ओलंचिंब. तिथंच गावातल्या शेळ्या चरत. म्हणजे आमच्या शेळ्या रानात गेल्या नाहीत, पण रान रोज भाऱ्यानं गोठ्यात आलं.

---

धनगरवाड्यावरून | दुपारी १२.१५

हेच माझा आज्जा सांगायचा. पावसाळ्यात दव उतरल्याबिगर मेंढरं वाड्याबाहेर काढायची नाहीत. का, ते त्याला माहीत नव्हतं. म्हणायचा, दवात किडा असतो.

---

निवृत्त_जनावरांचा_डॉक्टर | दुपारी १२.४०

आजोबा बरोबर होते. लेंडीतलं अंडं ऊब आणि ओल मिळाली की फुटतं, आठवडाभरात अळी तयार होते, आणि ती गवताच्या पात्यावरच्या पाण्याच्या थरातून वर चढते. बहुतेक अळ्या जमिनीपासून चार बोटांच्या आतच असतात. म्हणून बुडखा ओरबाडून खाणाऱ्या जनावराला जास्त लागण. शेळी खरं तर गवत खाणारं जनावर नाहीच. ती बाभळीचा, बोरीचा, शेवरीचा पाला मागच्या पायांवर उभी राहून ओरपते. तिच्या पूर्वजांना हा जंत फारसा भेटलाच नाही, म्हणून मेंढीइतकी प्रतिकारशक्ती तिच्यात आली नाही. बाभळी तोडल्या, माळ गवताळ झाला, शेळीला मान खाली घालावी लागली. तिथून हे दुखणं वाढलं असं माझं मत.

---

आज्जीचा_बटवा | दुपारी १.००

म्हणजे शेवटी पाल्यावरच आलात ना डॉक्टर!

---

निवृत्त_जनावरांचा_डॉक्टर | दुपारी १.०४

आलो. बाभळीच्या पाल्यात आणि शेंगांत टॅनिन असतं, त्यानं जंतांना काही प्रमाणात त्रास होतो. रोजच्या खाण्यात ठेवा. पिशवी आल्यावर नको.

---

खवय्या_नं_१ | दुपारी १.३०

एक घाबरट प्रश्न. रविवारी वजडी खाल्ली. वजडी म्हणजे पोटच ना? मग ते हजार जंत...?

---

चिरगुट | दुपारी १.३२

प्रथिनं.

---

पशुसखी_बार्शी | दुपारी २.०५

घाबरू नका. वजडी उकळत्या पाण्यात घालून खरवडतात, मग तासभर शिजते. आणि ह्या जंताची लागण मटण खाऊन माणसाला होत नाही. तुमच्यासाठी प्रश्न वेगळा हवा : शेळीला औषध पाजून दुसऱ्या दिवशी कापली का? बाटलीवर किती दिवस दूध-मटण वापरायचं नाही ते लिहिलेलं असतं. ते कुणी वाचत नाही.

काळजात (यकृतात) कधी कधी पाण्याचे फुगे निघतात, ते मात्र कुत्र्याला टाकू नका. त्यातून कुत्र्याच्या पोटात बारका पट्टकृमी तयार होतो, त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतात, आणि त्या अंड्यांनी तसलेच फुगे माणसाच्या काळजात, फुफ्फुसात होतात. आमच्याकडे कसाई बिनकामाचा तुकडा दारातल्या कुत्र्याला फेकतो आणि तेच कुत्रं पोरं कुरवाळतात. शेळ्यांच्या आधी राखणीच्या कुत्र्याला जंताचं औषध द्या, असं मी गटात सांगते तेव्हा बाया हसतात.

---

खवय्या_नं_१ | दुपारी २.११

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा विचारतो माझ्या पोटाचं काय. कळलं. धन्यवाद ताई. रविवारपासून फक्त मासे.

---

तळकोकणी | दुपारी २.१५

माशांतल्या जंतांबद्दल नवीन धागा काढू का?

---

करडूवाली | ११ सप्टेंबर, सकाळी १०.००

धाग्यात घुसते, माफ करा. माझी दोन महिन्यांची सहा करडं आहेत, संडास पातळ, कधी रक्ताचे धागे. जंताचं औषध दोनदा पाजलं, फरक शून्य. हे पण निबर जंतच का?

---

निवृत्त_जनावरांचा_डॉक्टर | सकाळी १०.२५

बहुधा जंतच नाहीत. त्या वयात कॉक्सिडिया जास्त, तो एकपेशीय जीव. जंताच्या औषधाला तो भीक घालत नाही, त्याचं औषध वेगळं. लेंडी तपासून घ्या. तोवर करडांच्या खालची ओली जागा बदला, पाण्याचं भांडं उंचावर ठेवा, म्हणजे त्यात लेंड्या पडणार नाहीत. करडांना पाणीही पाजत राहा, हगवणीनं सुकतात.

आणि सगळ्यांसाठी : पांढरी पापणी म्हणजे हिमॉन्कसच, असंही नाही. गोचीड फार झाले तरी रक्त कमी होतं. तळ्याकाठी, भाताच्या खाचरात चरणाऱ्या शेळ्यांना पाणगोगलगायींमुळे यकृताचे चपटे कृमी होतात, त्यातही पिशवी येते. आयव्हरमेक्टिन हे जंताचं नेहमीचं औषध त्यांच्यावर चालत नाही. म्हणून आधी लेंडी.

---

लेंडीबहाद्दर | सकाळी १०.४०

आयव्हरमेक्टिनवरून आठवलं. जपानमधल्या मातीच्या नमुन्यातल्या सूक्ष्मजीवापासून त्याची सुरुवात झाली, ओमुरा आणि कॅम्पबेल यांना त्यासाठी २०१५ चं नोबेल मिळालं. आणि कोविडात आमच्या बिल्डिंगीतले लोक तेच शोधत फिरत होते. शेळीवाल्यांना बाटली मिळेना.

---

माळावरचा_गडी | १४ सप्टेंबर, रात्री ९.१०

झोळी केली. फोटो टाकणार नाही, आईनं शपथ घातलीय. २३ शेळ्या मोजल्या. सगळ्यात मोठी ४१ किलो! तिला मी चार वर्षं २५ किलोचं औषध पाजत होतो.

पापण्या : १२ लाल किंवा छान गुलाबी, ६ फिकट, ५ पांढऱ्या, त्यात दवाखान्यात नेलेली ती धरून. गंमत म्हणजे अंगानं सगळ्यात खंगलेल्या दोघी पापणीनं ठणठणीत निघाल्या, त्या नुसत्या म्हाताऱ्या आहेत. आणि गुबगुबीत 'चांदी' पांढरी. तीन करडं पाजतेय, व्यायल्याला दीड महिना झाला.

पाच जणींना डॉक्टरांच्या सल्ल्यानं क्लोसँटेल. फिकट सहांना मुद्दाम फेनबेंडाझोलच, पण वजनावर, डॉक्टरांनी सांगितलेल्या पुऱ्या मात्रेत. आज लेंड्या दिल्यात, चौदा दिवसांनी पुन्हा देणार. ते म्हणाले, औषध चालत असेल तर अंडी ९५ टक्क्यांहून जास्त घटली पाहिजेत.

---

निवृत्त_जनावरांचा_डॉक्टर | रात्री ९.३५

शाब्बास. व्यायच्या आसपास शेळीची ताकद गर्भात आणि दुधात जाते, तेव्हा जंत डोकं वर काढतात. ती अंडी जिथं पडतात तिथंच तिची करडं पहिलं गवत तोंडात घेतात. चांदीला आणि करडांना वेगळ्या जागी बांधा.

---

बंदिस्तवाला | रात्री १०.०२

मी पण आज सगळ्यांच्या पापण्या बघितल्या. तीन फिकट निघाल्या. जास्त बोलत नाही.

---

धनगरवाड्यावरून | रात्री १०.०४

🙏 मचाणावरून खाली उतरल्याबद्दल आभार.

---

माळावरचा_गडी | २९ सप्टेंबर, रात्री ८.२०

निकाल आला. फेनबेंडाझोल दिलेल्या सहा जणींची अंडी निम्म्यानंसुद्धा कमी झाली नाहीत, तीही पुरी मात्रा देऊन. त्यांनाही आज दुसऱ्या गटाचं औषध दिलं. क्लोसँटेलवाल्या पाचांपैकी चौघींच्या पापण्या गुलाबी झाल्यात, पिशवी कुणाला नाही. दुकानात जाऊन दोन भरलेल्या बाटल्या परत केल्या. दुकानदार म्हणाला, आजपर्यंत कुणी तक्रार केली नाही. मी म्हटलं, शेळ्या बोलत नाहीत.

दव उतरल्यावर, साडेनऊनंतर सोडतोय. नाल्याकडच्या हिरव्या पट्ट्यात गाय आणि बैल चारतोय. डॉक्टर म्हणाले, शेळीचा हा जंत त्यांच्या पोटात फारसा टिकत नाही, रान तेवढंच साफ होतं.

---

गणिती_गोंधळ | रात्री ८.३१

पाचवीचं काय?

---

माळावरचा_गडी | रात्री ८.५०

पाचवी चांदी. सुधारली होती, पण परवा परत फिकट दिसली. वही काढून बघितली, गेल्या पावसाळ्यात पण 'चांदी – मरगळ' असं दोनदा लिहिलंय. तेव्हा कळलं नव्हतं.

---

टेनेसीकर | ३० सप्टेंबर, सकाळी ६.१५

अशी शेळी मी ठेवत नाही. दोन हंगामांत तीनदा औषध लागलं की विकायची. जंत सोसायची ताकद काही अंशी आईबापाकडून येते. तिची पिल्लं कळपात ठेवलीत तर दहा वर्षांनी अख्खा कळप चांदीसारखा.

---

निवृत्त_जनावरांचा_डॉक्टर | सकाळी ८.००

मीही तेच म्हणेन. निदान तिचा बोकड पैदाशीला ठेवू नका.

---

पशुसखी_बार्शी | सकाळी ८.४०

कागदावर बरोबर आहे. पण दरवेळी तिळी देणारी शेळी कोण विकतं हो? माझ्या गटातली एकही बाई विकणार नाही. तिला वेगळी बांधा, पेंड वाढवा, पापणी आठवड्याला बघा. तिच्या पाठी (मादी करडं) विका, तिला ठेवा.

---

माळावरचा_गडी | रात्री ९.२५

आज जेवताना आईजवळ विषय काढला. म्हटलं चांदी विकू, रक्तातच कमी आहे तिच्या. आई म्हणाली, तुला पण लहानपणी जंत व्हायचे, तुला विकला का?

डॉक्टर, आता तुम्हीच या आणि सांगा तिला.